सरावाचा पेशंट

माझ्या भाचीला मेडिकल कॉलेजनं नाकारल्याचं पत्र आलं, तेव्हा ते मोठ्यानं वाचायची पाळी माझ्यावर आली. बहिणीच्या तोंडात टाचण्या होत्या आणि भाची भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी वाचलं. वाचून झाल्यावर जे बोलायला नको होतं तेच नेमकं बोललो. म्हणालो, "पत्र चांगलं लिहिलंय."

बहिणीनं टाचण्या तळहातावर काढल्या. "दादा, तू माणूस आहेस का कोण आहेस?"

तिचं चुकलं नव्हतं. पण माझी सगळी नोकरी एका विमा कंपनीत गेली आणि तिथं माझं काम दावे नाकारणारी पत्रं लिहिणं हेच होतं. आधी समोरच्याचे कष्ट आपल्याला दिसतात असं म्हणायचं, मग हळूच 'तथापि' आणायचं आणि शेवटी पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा द्यायच्या. या पत्रातलं 'तथापि' इतक्या अलगद आलं होतं की दाद द्यावीशी वाटली. नको तिथं दाद द्यायची ही माझी खोड जुनीच आहे.

"तुझ्या तथापिला लागो आग," बहीण म्हणाली आणि टाचण्या परत तोंडात धरून कुणाच्या तरी पॅंटची कंबर आवळायला लागली. मेहुणे गेल्यापासून ती घरीच कपड्यांचं ऑल्टरेशन करते. मी एकटा माणूस, निवृत्त झाल्यावर पुस्तकांची खोकी घेऊन तिच्याकडे राहायला आलो. खोकी अजून सगळी उघडलेली नाहीत.

भाचीला घरात खडू म्हणतात. लहानपणी तिला खडूनं लिहिण्यापेक्षा तो खाण्यात जास्त गोडी होती. अंगानंही तशीच, काटकुळी आणि कोरडी. लेखी परीक्षेत तिला उत्तम गुण होते. तिची माती झाली ती मुलाखतीत. मुलाखतीच्या शेवटी एक खोली असते, तिथं भाड्याचा नट रुग्ण होऊन किंवा रुग्णाचा नातेवाईक होऊन बसतो. उमेदवारानं त्याला वाईट बातमी सांगायची आणि परीक्षक कोपऱ्यातून बघणार. खडूच्या वाट्याला एक बाई आली होती. तिचा नवरा ऑपरेशनमध्ये गेला असं तिला सांगायचं होतं. खडूनं सांगितलं. बाईनं कपाळ बडवून घ्यायला सुरुवात केली, पण टिकली हलू नये अशा बेतानं. खडूला हसू फुटलं. वर ती म्हणाली, "जरा दमानं हो बाई, लागेल."

ही गोष्ट तिनं स्वतःच आम्हाला सांगितली आणि सांगतानाही हसली. बहीण हसली नाही. त्या कॉलेजात दोनदाच अर्ज करता येतो. आमच्या आवाक्यातलं कॉलेज तेवढं एकच. आणि खडूला डॉक्टर होण्याखेरीज दुसरं काही व्हायचं नव्हतं, लहान असताना तिनं मेलेला सरडा उघडून बघून त्याचं काळीज कुठं असतं ते माझ्या पुस्तकाच्या कोऱ्या पानावर चितारून ठेवलं होतं तेव्हापासून.

बहिणीनं कुणाकडून तरी एका मार्गदर्शकाचा पत्ता आणला. मुलाखतीची तयारी करून देणारा. "दादा, तू तिच्याबरोबर जा. तुला शब्दांचं कळतं. आणि सर म्हणालेत, घरातलं कुणी पेशंट व्हायला आणलं तर सराव घरीही होईल."

"मी पेशंट?"

"बसायचंच तर आहे. तेवढं तुला येतं."

मार्गदर्शकाची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. तळमजल्यावर दातांच्या कवळ्या बनवणाऱ्याचं दुकान होतं. काचेमागं गुलाबी हिरड्यांच्या रांगा हसत असायच्या आणि त्यांच्यावरून वर जावं लागायचं. वर एक कोच होता, त्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. बसलं की ते चिकटायचं आणि उठताना अंगाची साल निघावी तसा आवाज यायचा. ओल आलेल्या भिंतीचा वास होता आणि त्या वासावर लिंबाचा खोटा फवारा. कोपऱ्यातली टोपली वापरलेल्या टिश्यू कागदांनी भरलेली. आमच्या आधीच्या मुलांनी सरावात पुसलेली नाकं होती ती. मला तिकडे बघवत नसे आणि दर वेळी आधी तिकडेच लक्ष जाई.

मार्गदर्शक स्वतः गोरागोमटा, स्वच्छ, हात नेहमी किंचित ओले. बोलता बोलता ओठाची सुटलेली साल ओढून काढायचा, बोटांत तिची गोळी करायचा आणि मग त्याच हातानं शेकहॅंड. मला तो "काका" म्हणायचा. खडू त्याला घरी टिश्यूवाला म्हणायची.

त्याची पद्धत तीन शब्दांची होती. थांबा, झुका, सरकवा. वाईट बातमीआधी थांबायचं. मग खांदे न पाडता पुढं झुकायचं, मान थोडी तिरकी. मग टिश्यूचा डबा सरकवायचा.

"हातात द्यायचा नाही," तो म्हणाला. "देणं म्हणजे 'आता रडा' अशी सूचना झाली. सरकवणं म्हणजे सोबत. फरक कळला?"

खडू म्हणाली, "आणि त्याला सर्दीच झाली असेल तर?"

"या अशा वाक्यानंच मागच्या वेळी गेलीस तू," मार्गदर्शक गोड हसून म्हणाला. "आणि डोळ्यांत पाणी आणायचं नाही, परीक्षकांना ते कच्चं वाटतं. पण मनात आणलं तर आणता येईल, असं दिसू द्यायचं."

खडूनं माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. आम्ही दोघंही तेव्हा एकाच बाजूला होतो.

पेशंट म्हणून मी अगदीच टाकाऊ निघालो. पहिल्याच दिवशी माझा मुलगा अपघातात गेला होता. खडूनं तसं सांगितलं आणि मी मान डोलावून "बरं" म्हणालो.

"काका!" मार्गदर्शक ओरडला. "मुलगा गेलाय तुमचा! पोस्टमननं पत्र दिल्यासारखं काय 'बरं'?"

"मला मुलगा नाही हो."

"म्हणून तर कल्पना करायची. काका, तुम्ही इतकी पुस्तकं वाचता म्हणे."

पुस्तकातली माणसं मेल्यावर मी रडलेलो आहे, हे त्याला सांगायचा मोह झाला, पण ते सांगून काय फायदा झाला असता कळत नाही. कुणी समोर बसवून रड म्हटलं की माझे डोळे कोरडेच राहतात. शेवटी त्यानं मला हातांना काम दिलं. टिश्यू घेऊन त्याला पीळ द्यायचा, नजर टेबलाच्या कडेवर ठेवायची आणि मग विचारायचं, "डॉक्टर, माझ्याकडे किती वेळ आहे?" तेवढं मला जमायला लागलं. मुलगा गेला तरी पीळ, बायको गेली तरी पीळ. आतड्याची गाठ ही त्याच्या मते परीक्षेत हमखास येणारी बातमी, त्यामुळे ती मला पुन्हा पुन्हा झाली.

खडूला मात्र जमत गेलं. आधी ती वाक्यं म्हणताना डोळे फिरवायची. मग डोळे फिरवणं थांबलं. मग एक दिवस तिचा आवाज खाली आला, एखाद्या महागड्या दुकानातल्या बाईसारखा, आणि ती म्हणाली, "हे ऐकणं सोपं नाही, मला कल्पना आहे. आपण इथं थांबू या थोडा वेळ." मार्गदर्शकानं डोळे मिटून घेतले, गाणं ऐकताना मिटतात तसे. जिन्यात ती म्हणाली, "मामा, कसं झालं?" मी "छान" म्हणालो. खोटं नव्हतं ते. छानच झालं होतं, तिथंच सगळी घाण होती.

घरी तर ती आरशासमोर मान तिरकी करून बसायला लागली. बहीण कौतुकानं गिऱ्हाइकांना दाखवायची. एकदा मशीनची सुई बहिणीच्या बोटातून आरपार गेली. पूर्वीची खडू "हात वर धर, बावळट!" म्हणून धावली असती. त्या दिवशी ती आली, आईच्या खुर्चीशी टेकली, झुकली आणि म्हणाली, "खूप दुखत असेल ना तुला?" बोटातून रक्त पॅंटवर ठिबकत होतं. आधी वाक्य, मग पट्टी.

"पोर किती समजूतदार झाली बघ," बहीण रात्री जेवताना म्हणाली, बोटाचा मोठा पांढरा गठ्ठा ताटाबाहेर ठेवून.

मला शिसारी आली. मला कदाचित हेवाही वाटत असेल. त्या दोघींमध्ये मी उपराच आहे, आणि उपऱ्याला पटकन शिसारी येते. असं मी स्वतःला समजावत असे.

याच सुमारास माझं पोट बिघडलं. खरं तर बरेच दिवस बिघडलेलंच होतं. संडासात रक्त दिसायचं. मी ते बघायचो, पाणी सोडायचो, बाहेर येऊन पुस्तक उघडायचो. अशी गोष्ट कुणाला कोणत्या शब्दांत सांगायची, हेच मला सुचत नसे. शब्दांचं कळतं म्हणवणाऱ्या माणसाची ही गत. शेवटी चक्कर आली तेव्हा बहिणीला न सांगता मी दवाखान्यात गेलो. त्यांनी नळी घालून तपासलं. त्या तपासणीबद्दल मी लिहिणार नाही. माझंच शरीर मला इतकं परकं आणि ओंगळ कधी वाटलं नव्हतं.

अहवाल घ्यायला गेलो तर समोर एक तरुण डॉक्टर. दाढी नीट राखलेली, बोटं स्वच्छ. त्यानं कागद उलटा ठेवला. खुर्ची थोडी पुढं ओढली. थांबला.

मला कळलं. बातमी काय आहे ते तर कळलंच, पण तो कुठून शिकून आलाय तेही. त्याची मान तिरकी झाली. "तुम्ही एकटेच आलात का आज?" त्यानं विचारलं. आमच्या मार्गदर्शकाचं हेच पहिलं वाक्य. मग टेबलावरचा डबा माझ्याकडे आला, सरकत.

आणि मी काय केलं? मी टिश्यू घेतला आणि त्याला पीळ द्यायला लागलो. नजर टेबलाच्या कडेवर. मग माझ्या तोंडून आलं, "डॉक्टर, माझ्याकडे किती वेळ आहे?"

मला हे विचारायचं नव्हतं. मला विचारायचं होतं, आता खायचं काय, कापणार किती, पोटाला पिशवी लावणार का, वास येईल का. पण हात आणि तोंड सवयीनं चालले. त्या तरुणाला बरं वाटलेलं दिसलं. पेशंट अगदी शिकवलेल्या जागी आला होता. ऑपरेशन करता येईल, वेळेवर आलात, असं काहीबाही तो म्हणाला आणि आम्ही दोघांनी मिळून ती भेट सुरेख पार पाडली.

खडूची मुलाखत त्याच आठवड्यात शनिवारी होती. मी ठरवलं, तोवर तोंड उघडायचं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी शेवटचा सराव होता. मार्गदर्शकानं हात चोळले. "आज हमखास येणारी. काका, तुम्हाला आतड्याची गाठ आहे, तुम्हाला अजून माहीत नाही. डॉक्टरबाई, काहीही झालं तरी भूमिका सोडायची नाही. नट उठून नाचायला लागला तरी नाही. सुरू."

मी प्लॅस्टिकवर बसलो. खडू आली, बसली, थांबली. मग त्या खालच्या, मऊ आवाजात म्हणाली, "तुम्ही एकटेच आलात का आज?"

घरी ती मला अरेतुरे करते. हे अहोजाहो मी किती वेळा ऐकलं होतं. पण मी एकटाच गेलो होतो, हे मला त्या वेळी आठवलं. "हो," मी म्हणालो, आणि त्या 'हो'मागून सगळंच बाहेर आलं. रडताना माणूस किती कुरूप दिसतो हे मला पुस्तकांतून माहीत होतं. नाक वाहायला लागलं, ते ओठांवर आलं, खारट लागलं. तोंडातून गाईच्या वासरासारखा आवाज निघाला. पीळ द्यायला हातच मोकळे नव्हते, मी चेहरा झाकला होता.

"आता कसं!" मार्गदर्शक टाळ्या वाजवत उठला. "शेवटच्या दिवशी इंजिन सुरू झालं काकांचं! थांबू नका, थांबू नका, मी व्हिडिओ घेतो, पुढच्या बॅचला दाखवायला होईल." त्यानं फोन माझ्या तोंडासमोर धरला. त्याच्या बोटांना लिंबाच्या फवाऱ्याचा वास होता.

आणि खडू बोलत होती. मध्ये एकदा ती अडखळली, एवढं मला ऐकू आलं. मग पुढचं वाक्य आलं. हे ऐकणं सोपं नाही, मला कल्पना आहे. डबा सरकला. आपण इथं थांबू या थोडा वेळ. शेवटपर्यंत, एकही शब्द न गाळता.

"पैकीच्या पैकी!" मार्गदर्शक म्हणाला.

खाली उतरलो, कवळ्यांच्या दुकानावरून पुढं गेलो. खडू माझ्या पुढं चालत होती. बंद झालेल्या एका दुकानाच्या शटरपाशी ती गर्रकन वळली.

"कुठं आहे?"

"काय कुठं आहे?"

"मामा, मला येडी समजू नकोस. तुला नाटक येत नाही. येत असतं तर इतके महिने त्या माणसानं डोकं आपटून घेतलं नसतं. कुठं आहे?"

"अगं, सर म्हणाले ना, इंजिन—"

"सर गेला खड्ड्यात. कुठं?"

"आतड्यात," मी म्हणालो.

तिनं अंगठ्याचं नख दातांत धरलं. "रक्त जातं?"

"हळू बोल."

"जातं का?"

"जातं."

"लाल की काळं?"

एक बाई लेकराला बाबागाडीतून नेत होती, तिनं वळून बघितलं. "खडू, लोक बघतायत."

"बघू देत. लोकांनाही आतडी आहेत. लाल की काळं?"

"लाल. गडद."

"वरून लागलेलं असतं का मिसळलेलं?"

मी सांगितलं. शटरला पाठ लावून, भर रस्त्यात, ज्या गोष्टी मी स्वतःशीसुद्धा शब्दांत मांडल्या नव्हत्या त्या सगळ्या सांगितल्या. रंग, वास, चिकटपणा, किती वेळा, वजन किती उतरलं. माझे कान तापले होते आणि मला स्वतःची किळस येत होती. तिला येत नव्हती. तिनं मान तिरकी केली नाही, ती थांबली नाही, मी उत्तर देईपर्यंत तिचा पुढचा प्रश्न तयार होता. "कापतात ते. बऱ्याचदा निभावतं," ती म्हणाली. "आधी का नाही बोललास, गाढवासारखा?" कित्येक महिन्यांनी मी पोटातून श्वास घेतला.

मग तिचा चेहरा बदलला. अनवाणी पाय कशावर तरी पडल्यासारखा.

"आणि मी तुला विचारलं, एकटेच आलात का."

"जाऊ दे."

"शी. शी, मामा. मी तुझ्याकडे डबा सरकवला."

"नीट सरकवलास."

"हसू नको. मला तिथंच कळलं होतं, अर्ध्यात. हा खरं रडतोय, असं कळलं. आणि तरी पुढचं वाक्य म्हटलं मी. का माहितेय? भूमिका सोडली तर टिश्यूवाला मार्क कापेल म्हणून." तिनं तळहात कुर्त्याला पुसले, पुन्हा पुसले. "मी उद्या जात नाही. नकोच मला ते. असल्या माणसांत जाऊन असलं शिकायचं? तो तुझा डॉक्टर तसाच असणार."

"तसाच होता," मी म्हणालो, आणि लगेच वाटलं, हे बोलायला नको होतं.

"बघ! संपलं."

ती खरंच गेली नसती. मी तिला ओळखतो. सरडा उघडायला बसली की जेवायला उठत नसे, आणि उठली की उठली. एक संधी उरली होती आणि ती माझ्या रडण्यात वाहून जायला निघाली होती.

मी काय बोलायला हवं होतं ते मला स्वच्छ दिसत होतं. सांगायला हवं होतं, की खडू, त्या खोलीतल्या तुझ्या वाक्यांनी मला ओकारी आली, आणि इथं शटरपाशी तू रक्ताचा रंग विचारलास तेव्हा पहिल्यांदा धीर आला. पण ते सांगितलं असतं तर उद्या ती त्या नटाला लाल की काळं विचारून बसली असती, आणि कोपऱ्यातल्या माणसांनी पुन्हा एक चांगलं पत्र लिहिलं असतं.

"तुला एक सांगू?" मी म्हणालो. "मला बरं वाटलं."

"कशानं?"

"तू तिथं बोललीस त्यानं. त्या डॉक्टरनं सांगितलं तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. तू म्हणालीस, आपण थांबू या, तेव्हा वाटलं कुणीतरी आहे."

"पाठ केलेलं होतं ते."

"असेना. पाठ केलेलं म्हणून काय लागू पडत नाही? औषधही कुणीतरी पाठच केलेलं असतं."

हे वाक्य माझं मलाच आवडलं, त्यामुळे ते खोटं आहे याची खात्री पटली. विमा कंपनीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला कोणतं वाक्य ऐकून समोरचा मुकाट्यानं घरी जातो, ते कळतं. खडूनं नख पुन्हा दातांत धरलं.

"खरं?"

"खरं."

"शप्पथ?"

"आता शपथा कसल्या? म्हाताऱ्या माणसाला शपथ घालतात का?"

ती चालायला लागली. थोड्या अंतरावर म्हणाली, "आईला मी सांगणार उद्या. तू नाही सांगायचं. तू मध्येच तथापि घालशील."

शनिवारी कॉलेजच्या बोळासारख्या लांब खोलीत आम्ही बसलो होतो. समोर सूचनाफलकाची काच होती आणि तिच्यात बघून मुलं सराव करत होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. एकेक मान तिरकी होत होती, कबुतरं दाणे शोधताना करतात तशी. एक बाप मुलाच्या कपाळावरचा घाम टिपत म्हणत होता, "घाम चालेल रे, घाम चांगला दिसतो." या सगळ्यांच्या हातात उद्या माणसांची पोटं जाणार होती. माझ्या पोटावरून मला हात फिरवावासा वाटला, पण लोकांत मी तसं करत नाही. खडूचा नंबर पुकारला. ती मागं न बघता आत गेली.

प्रवेश तिला मिळाला. यादीत तिचं नाव बरंच वर होतं. बहीण मशीन बंद करून रडली आणि मार्गदर्शकानं फोटो मागितला. पण माझ्या डोक्यातून जात नाही ते त्या शनिवारी गेटबाहेर झालेलं बोलणं.

ती बाहेर आली ती एकदम ताठ, परीटघडीची. गेट ओलांडल्यावर मी विचारलं,

"झालं?"

"झालं. फार छान झालं. कोपऱ्यातली बाई मान डोलावत होती."

"कोण होता?"

"बाप होता एक. मुलगी गेलेली. तो रडला, चांगला रडला, कपाळबिपाळ नाही बडवलं. मी थांबले, झुकले, सगळं केलं. मग त्यानं माझा हात धरला. हे कुणी शिकवलं नव्हतं. ओला होता त्याचा हात. मी सोडवून घेतला नाही."

"बरं केलंस."

"आत जाताना मला भीती होती, तिथं तुझी आठवण येईल आणि सगळं फिसकटेल. मामा, नाही आली. एकदासुद्धा नाही आली. बाहेर आले, पाणी प्यायले, तेव्हा आठवलं तू बाहेर बसलायस ते."

असं म्हणून ती रस्त्याच्या कडेला गेली आणि थुंकली. पुन्हा थुंकली, तोंडात काहीतरी कुजकं आल्यासारखी. मी तिची पिशवी धरून उभा राहिलो. परीक्षा झाली होती. आता तरी खरं सांगायला हरकत नव्हती.

"खडू, काल मी जे म्हणालो ना, बरं वाटलं म्हणून—"

"माहितेय," ती तोंड पुसत म्हणाली. "खोटं बोललास. तुला नाटक येत नाही म्हटलं ना मी."

"मग गेलीस कशाला?"

तिनं माझ्या हातातून पिशवी घेतली, खांद्याला लावली.

"जायचं होतं म्हणून."

मग ती म्हणाली, "रिपोर्ट घरी आहेत का दवाखान्यात?" मी म्हणालो, घरी, पुस्तकांच्या एका खोक्यात. "कुठल्या खोक्यात ते तरी आठवतंय का?" ती म्हणाली, आणि आम्ही बसच्या दिशेनं निघालो.